तेरा अंशांची नोकरी

हिरवी केळी तेरा-चौदा अंश सेल्सिअसला निवांत राहते. पारा त्याखाली गेला की सालीवर करडी छटा येते, आणि पुढे पिकायला घातली तरी तिला तजेलदार पिवळा रंग येत नाही. पारा चढला की फळ स्वतःच्याच उष्णतेनं आणि स्वतःच सोडलेल्या इथिलीन वायूनं वाटेतच पिकायला लागतं. जळगाव जिल्ह्यातल्या पॅकहाउसमधून न्हावा-शेवा बंदराकडे निघालेल्या चाळीस फुटी कंटेनरमध्ये अशी वीस टनांच्या आसपास केळी असते. बंदरात तिच्यावर लक्ष ठेवायला तंत्रज्ञ असतात, जहाजावर वीज आणि इंजिनिअर असतात. मधल्या चारशे-पाचशे किलोमीटरमध्ये मात्र तिची काळजी एकट्या ड्रायव्हरला असते. शेतकऱ्याचं वर्षभराचं पीक, व्यापाऱ्याचं भांडवल आणि खान्देशच्या मालाचं नाव, हे सगळं त्या काही तासांत त्याच्या हातात असतं.

तरीही आपल्याकडे या माणसाची नेमणूक कशी होते? 'लायसन आहे का? घाट चालवलाय का? कधीपासून येतोस?' एवढ्या तीन प्रश्नांत. थंडीबद्दल कुणी काही विचारत नाही. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे, की रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरचं अर्धं काम स्टिअरिंगवर असतं आणि अर्धं थंडी सांभाळण्यात. दुसरं अर्धं जोवर शिकवलं जात नाही, तपासलं जात नाही आणि त्याचे पैसे दिले जात नाहीत, तोवर खान्देशातल्या पोरांना या क्षेत्रात गाडी मिळेल, पण हुन्नर मिळणार नाही.

पहूरहून निघणारे रस्ते

जामनेर तालुक्यातलं पहूर वाघूर नदीकाठी वसलेलं आहे, पेठ आणि कसबे अशा दोन भागांत. जळगावहून अजिंठ्याकडे आणि पुढे छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता इथून जातो. पाचोरा-शेंदुर्णीकडून येऊन जामनेरकडे जाणारी वाटही इथंच मिळते. एकेकाळी या गावाला रेल्वेचीही सोबत होती. पाचोरा-जामनेर ही नॅरोगेज गाडी, सगळ्यांच्या तोंडी 'पीजे', पहूरला थांबायची. २०२०च्या टाळेबंदीत ती थांबली आणि त्या रुळांवर पुन्हा धावली नाही. आता ब्रॉडगेजचं काम आणि बोदवडपर्यंतचा विस्तार यांची वाट पाहणं चालू आहे. तोवर माल आणि माणसं, दोघांनाही रस्ताच.

आसपासचं शिवार कापसाचं, मक्याचं, केळीचं. दोन-चार एकराच्या कोरडवाहू घरातला धाकटा मुलगा दहावी-बारावीनंतर काय करतो, हे या भागात कुणाला सांगायला नको. कुणी जळगावच्या एमआयडीसीत जातो, कुणी सुरतेला, कुणी पुण्याला. आणि बरेच जण गाडीवर चढतात. आधी क्लीनर म्हणून, उस्तादाच्या हाताखाली. टायर बदलणं, ताडपत्री बांधणं, रात्री उस्तादाला जागं ठेवणं, रिकाम्या रस्त्यावर थोडा वेळ स्टिअरिंग धरणं, असं करत दोन-तीन वर्षांत तो ड्रायव्हर होतो. खान्देशात हीच पाठशाळा होती आणि पुष्कळ प्रमाणात अजूनही आहे. ती वाईट नाही. घाटात गिअर कधी टाकायचा, लळिंगच्या उतारावर ब्रेक किती जपून वापरायचा, हे उस्तादाइतकं नीट कुठलंही पुस्तक शिकवत नाही. पण रीफर गाडीचा उस्ताद गावात भेटत नाही, कारण गावातल्या गाड्या रीफर नसतात.

हे ऐकायला चमत्कारिक वाटेल, कारण केळी तर आपलीच. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानांकनाची २२ टन केळी रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांकडून २०२१मध्ये दुबईला गेली, तेव्हा त्याची सरकारी पातळीवर दखल घेतली गेली. पण दिल्ली, पंजाब, उत्तर प्रदेशाकडे जाणारी केळी आजही मोठ्या प्रमाणावर साध्या ट्रकमधून जाते. खाली-वर केळीची पानं, वर ताडपत्री, आणि ड्रायव्हरनं न थांबता गाडी पळवायची. माल खराब व्हायच्या आत पोचला पाहिजे, एवढीच त्याला अट. म्हणजे थंडीनं जे काम करायचं, ते आपण ड्रायव्हरच्या झोपेतून करून घेतो.

कंटेनरच्या आत काय चालतं

रीफरबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज असा, की ती माल थंड करते. ती माल थंड ठेवते. शेतातून आलेल्या गरम केळीतली उष्णता आधी पॅकहाउसच्या प्री-कूलिंगमध्ये काढावी लागते. गाडीवरच्या युनिटची ताकद बाहेरून झिरपणारी आणि फळातून निघत राहणारी उष्णता उपसण्यापुरती असते. गरम माल भरून 'पोचेपर्यंत होईल थंड' असं जो म्हणतो, त्यानं माल तिथंच निम्मा घालवलेला असतो. हे ओळखणारा ड्रायव्हर लोडिंगच्या वेळी गप्प बसत नाही. पेटीतल्या फळाच्या गराचं तापमान घेतलं का, हे तो विचारतो आणि आलेला आकडा चलनावर लिहून घेतो. पुढे भांडण झालं तर तोच आकडा त्याला वाचवतो.

जहाजावर जाणाऱ्या कंटेनरमध्ये थंड हवा तळातून येते. तळाला पन्हाळीसारख्या खाचा असतात, त्यांतून हवा पुढे सरकते आणि पेट्यांमधून वर चढते. ट्रकवर बसवलेल्या रीफर बॉडीत युनिट बहुधा पुढे, केबिनच्या माथ्यावर असतं आणि हवा छताखालून मागे जाते. म्हणून ट्रकमध्ये भराईची मर्यादा दाखवणाऱ्या लाल रेषेच्या वर पेटी रचायची नसते आणि कंटेनरच्या तळावर कागद, पुठ्ठा, कचरा राहू द्यायचा नसतो. हवेची वाट अडली की पडद्यावर तेरा अंश दिसत राहतात आणि दाराजवळच्या पेट्या शिजत असतात. केळीच्या कंटेनरला बाहेरची हवा घेणारी झडप थोडी उघडी ठेवतात, म्हणजे आतला इथिलीन आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. गोठवलेला माल असेल तर तीच झडप बंद. चालत्या रस्त्यावर कंटेनरला वीज देतो तो जनसेट. त्याचं डिझेल वेगळं, तेल वेगळं, दुखणीही वेगळी.

आणि प्रत्येक मालाचा पारा निराळा. नाशिकची द्राक्षं शून्याच्या आसपास, दूध चार अंशांपर्यंत, लस दोन ते आठ, आइस्क्रीम आणि गोठवलेला वाटाणा उणे अठरा किंवा त्याहून खाली. काल उणे अठरावर चाललेल्या गाडीत आज केळी भरायची असेल, तर आधी गाडी धुऊन, वास घालवून, योग्य तापमानाला आणून मगच दार उघडायचं असतं. 'सेट पॉइंट' म्हणजे आपण मागितलेलं तापमान आणि 'रिटर्न एअर' म्हणजे मालावरून फिरून परत आलेल्या हवेचं तापमान. या दोन आकड्यांतलं अंतर वाचता येणं हीच या कामाची बाराखडी. ते अंतर वाढत चाललं असेल तर मालेगावच्या अलीकडेच गाडी बाजूला घ्यायची की भिवंडीपर्यंत ओढायची, हा निर्णय रात्री दोन वाजता एकट्यानं घ्यायचा असतो.

हे यंत्र ज्यानं रस्त्यावर आणलं, त्याची गोष्ट पहूर-जामनेरच्या मुलांना सांगण्यासारखी आहे. फ्रेडरिक मॅकिन्ले जोन्स हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय कारागीर. लहानपणीच पोरका झाला, शाळा अर्धवट सुटली, यंत्रं उघडून आणि जोडून शिकत गेला. ट्रकवर टिकेल, खड्ड्यांचे हादरे सोसेल असं शीतयंत्र त्यानं १९३८च्या सुमारास तयार केलं. जोसेफ न्यूमेरो या भागीदाराबरोबर उभी राहिलेली ती कंपनी पुढे 'थर्मो किंग' म्हणून जगभर पोचली. आपल्या रस्त्यांवरच्या कित्येक रीफर गाड्यांच्या कपाळावर आजही हे नाव दिसतं. डिग्री नसलेल्या पण हात आणि डोकं असलेल्या माणसानं हा धंदा जन्माला घातला, ही गोष्ट मी महत्त्वाची मानतो.

लायसनची पायरी

आता कामाला कसं लागायचं, हे नीट पाहू. मालवाहू गाडीसाठी कायद्यानं वयाची वीस वर्षं पूर्ण लागतात. अवजड गाडीचं शिकाऊ लायसन काढण्याआधी हलक्या वाहनाचं लायसन किमान एक वर्ष हातात असावं लागतं. आठवी पासची जुनी अट २०१९मध्ये निघाली. त्यामुळे शाळा सुटलेल्या मुलाची वाट आता बंद नाही. पण ई-वे बिल, तापमानाचा तक्ता आणि बंदराची कागदपत्रं वाचता आलीच पाहिजेत. अट गेली तरी गरज गेलेली नाही.

एक वर्ष थांबायच्या काळात रिकामं बसायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलं, की हलक्या वाहनाचं लायसन असलेला माणूस एकूण ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडीही चालवू शकतो. याचा सरळ फायदा छोट्या रीफरला आहे. दूध, दही, आइस्क्रीम, औषधं वाटणाऱ्या पिकअप आणि छोटे ट्रक याच वजनात बसतात. जळगाव, भुसावळ, धुळे या शहरांत रोज सकाळी अशा गाड्या सुटतात. माझ्या मते पहूरच्या मुलानं पहिली नोकरी इथंच शोधावी. घरी रात्री परतता येतं, दिवसाला पंधरा-वीस वेळा दार उघडावं लागतं, आणि दार उघडं राहिलं की पारा कसा चढतो हे पहिल्याच आठवड्यात अंगवळणी पडतं. लांब पल्ल्याच्या मालकाला पुढे हाच अनुभव दाखवता येतो.

त्यानंतरची पायरी मोठ्या गाडीची. तिथं काम तीन ठिकाणी मिळतं. एक, स्वतःच्या रीफर ताफ्यावर औषधं, चॉकलेट, गोठवलेले पदार्थ वाहणाऱ्या कंपन्या. त्यांचे डेपो भिवंडी, पुणे, इंदूर अशा ठिकाणी असतात. दोन, न्हावा-शेवा आणि कळंबोलीकडचे ट्रेलरमालक, जे शिपिंग कंपनीचा रिकामा कंटेनर उचलून पॅकहाउसला आणतात आणि भरून बंदरात नेतात. तीन, रावेर-सावदा पट्ट्यातले आणि सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णी-कंदर भागातले निर्यातदार, ज्यांना हंगामात ओळखीचे, भरवशाचे ड्रायव्हर हवे असतात. द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते एप्रिल, केळी जवळजवळ बारमाही. ज्याला दोन्ही माल कळतात, त्याला वर्षभर गाडी उभी करावी लागत नाही.

या सगळ्या नोकऱ्या जाहिरातीपेक्षा ओळखीनं जास्त मिळतात. मामाचा कुणी, शेजारच्या गल्लीतला कुणी आधी गेलेला असतो, तो मालकाशी बोलतो. म्हणून आधी गेलेल्याचं वागणं मागून येणाऱ्या सगळ्यांचं दार उघडतं किंवा बंद करतं. एका गावातल्या दोघांनी डिझेल विकलं, तर मालक त्या गावचं नावच टाकतो.

बंद युनिटचा मोह

इथं या धंद्यातल्या सगळ्यात अवघड गोष्टीकडे यावं लागतं. युनिट डिझेल खातं. वाटेत ते काही तास बंद ठेवायचं आणि पोचायच्या आधी पुन्हा चालू करायचं, ही वाईट खोड देशभरातल्या रस्त्यांवर आहे. कधी ड्रायव्हर स्वतःहून करतो, कधी मालकच फोनवर सांगतो. पडद्यावरचा आकडा पोचेपर्यंत जाग्यावर येतो. पण पेटीच्या आत ठेवलेला छोटा डेटा लॉगर प्रत्येक तासाचं तापमान नोंदवत असतो, आणि माल उघडला की तो सगळं सांगतो. मग नुकसानीचा दावा येतो, आणि तो उतरत-उतरत येऊन ड्रायव्हरच्या पगारावर पडतो.

म्हणून कामाला लागताना काही गोष्टी आधीच ठरवून, कागदावर घ्याव्यात. महिन्याचा पगार किती, ट्रिपमागे भत्ता आणि खुराकी किती. युनिटचं डिझेल गाडीच्या डिझेलपासून वेगळं मोजणार का. बंदराबाहेर किंवा मंडीत गाडी अडकली, तर त्या दिवसांचे पैसे कोण देणार. युनिट बिघडलं तर रात्री कोणाला फोन करायचा. आणि कुणाच्या सांगण्यावरून थंडी बंद केली, तर ती जबाबदारी कुणाची. जो मालक या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तयार नाही, त्याच्या गाडीवर चढू नये. आधी पैसे मागणाऱ्या दलालाकडे तर फिरकूच नये. युनिट चालू केल्यावर, लोडिंगनंतर आणि प्रत्येक थांब्यावर पडद्याचा फोटो वेळेसह काढून ठेवणं ही फुकटातली ढाल आहे.

परदेशातल्या रीफर ड्रायव्हरच्या नोकऱ्यांचं आमिषही आता गावोगाव पोचलं आहे. आखातात, युरोपात खरोखरच ड्रायव्हर लागतात. पण परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी झालेला भरती एजंट नियमानं ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. लाखांची भाषा करणाऱ्याला शेत गहाण टाकून पैसे देण्याआधी त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का, एवढं पाहिलं तरी कितीतरी घरं वाचतील.

माल चौदा अंशांत, माणूस पंचेचाळीस

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. त्या उन्हात कंटेनरमधली केळी चौदा अंशांत असते आणि तिला नेणारा माणूस इंजिनच्या धगीवर बसलेला असतो. नव्या मध्यम व अवजड ट्रकांना १ ऑक्टोबर २०२५पासून वातानुकूलित केबिन बंधनकारक झालं, हे चांगलंच झालं. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांना तो नियम लागू नाही, आणि नवशिक्याच्या वाट्याला जुनीच गाडी येते.

कामाच्या तासांचंही तसंच. १९६१च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, लांब पल्ल्यासाठी थोडी सवलत देऊन. साठ वर्षांहून अधिक काळ ही मर्यादा कागदावरच राहिली. रस्त्यावर बंदराचा गेट बंद व्हायची वेळ हाच एक कायदा चालतो. चाळीसगाव-कन्नड दरम्यानच्या औट्रम घाटातली अवजड वाहतूक २०२३मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं थांबवली गेली, ती माणसांच्या जिवासाठी आणि योग्य कारणानं. पण वळसा वाढला की तास वाढतात, जनसेटचं डिझेल वाढतं, आणि ठरलेली वेळ मात्र तीच राहते. त्याच वर्षी ४ जुलैला शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा जणांचा जीव गेला. थकलेला माणूस आणि न तपासलेली गाडी यांची किंमत महामार्गावरची सगळी गावं मोजतात. २०२४च्या जानेवारीत 'हिट अँड रन'च्या नव्या कलमाविरुद्ध ड्रायव्हर रस्त्यावर उतरले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा हा वर्ग किती मोठा आणि किती न ऐकलेला आहे हे दोन दिवसांत कळलं. पुढे तेही विसरलं गेलं.

या कामाला मान मिळालेला एक दिवस मला मुद्दाम आठवतो. १२ जानेवारी २०२१. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून पहाटे करोना लशीची पहिली खेप निघाली. तीन थंड ट्रक, ४७८ खोकी, निघण्याआधी पूजा झाली, नारळ फुटला. सगळा देश टीव्हीवर त्या गाड्या पाहत होता. दोन ते आठ अंश राखणं म्हणजे काय, हे त्या दिवशी कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. त्या सकाळी स्टिअरिंगवर होते ते याच बिरादरीतले लोक.

बायकांनी या क्षेत्राचा विचारही करू नये, असं गृहीत धरलं जातं. पण देशातल्या पहिल्या महिला ट्रकचालकांत ज्यांचं नाव घेतलं जातं, त्या योगिता रघुवंशी आपल्याच खान्देशात, नंदुरबारला वाढल्या. कायद्याची पदवी असलेल्या या बाईनं पतीच्या निधनानंतर मुलांसाठी ट्रकचं स्टिअरिंग हाती घेतलं आणि दूरदूरच्या राज्यांपर्यंत माल पोचवला. रोज घरी परतणाऱ्या छोट्या रीफर गाड्या आणि पॅकहाउसमधलं तापमान तपासण्याचं काम जामनेर तालुक्यातल्या मुलींना आजही जमण्यासारखं आहे. त्यांना नको म्हणणारं कारण एकच, स्वच्छतागृह आणि सुरक्षित थांबा नसलेला रस्ता, आणि ते दूर करणं आपल्या हातात आहे.

काय करता येईल

नॅबकॉन्स ही सल्लागार संस्था आणि राष्ट्रीय शीतसाखळी विकास केंद्र यांच्या २०१५च्या अभ्यासात देशाला ६१,८२६ रीफर वाहनांची गरज सांगितली होती आणि हाताशी होती जेमतेम ९,०००. शेताजवळची पॅकहाउस ७०,०८० हवी होती आणि होती २४९. दहा वर्षांत आकडे सुधारले असतील, पण या दरीचा अर्थ बदलत नाही. गाड्या अनुदानानं येतील, कर्जानं येतील. प्रत्येक गाडीमागे दोन कुशल माणसं कुठून येणार, हे मात्र कुठल्याही योजनेत ठळकपणे लिहिलेलं नाही.

उत्तर फार दूर नाही. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतोच. त्याच वर्कशॉपमध्ये अवजड लायसन असलेल्या तरुणांसाठी काही आठवड्यांचा रीफरचा वर्ग चालवता येईल. युनिट चालू-बंद करणं, जनसेटची रोजची देखभाल, लोडिंगची पद्धत, लॉगर वाचणं, बंदराची कागदपत्रं. शिकवायला केळी संशोधनातले लोक जळगावात आहेत, निर्यातदार रावेरात आहेत, आणि वर्षानुवर्षं ट्रेलर चालवून गावी परतलेले उस्ताद जवळपास प्रत्येक गावात आहेत. त्या उस्तादांना मानधन देऊन बोलवावं. वर्ग संपल्यावर मिळणाऱ्या दाखल्याला निर्यातदारांच्या संघटनांनी पगारात वजन द्यावं, नाहीतर तो आणखी एक कागदच होईल. आणि माल सुखरूप पोचल्याची लॉगरची नोंद ड्रायव्हरच्या नावावर जमा व्हावी, म्हणजे नवी नोकरी मागताना त्याला कुणाच्या ओळखीवर अवलंबून राहावं लागणार नाही.

केळीला मानांकन मिळवून द्यायला शेतकरी, संशोधक, अधिकारी सगळे एकत्र आले होते. तीच केळी बंदरापर्यंत चांगली नेणाऱ्या माणसाला मानांकन द्यायला एवढे सगळे लागणारही नाहीत. एक आयटीआय, काही निर्यातदार आणि थोडे जाणते ड्रायव्हर पुरे आहेत. तो वर्ग जामनेर तालुक्यात सुरू व्हावा, पहिली तुकडी पहूरच्या मुलांची असावी, आणि त्यांच्या हातात पडणाऱ्या पहिल्या करारावर थंडी राखण्याचा मोबदला वेगळा लिहिलेला असावा. खान्देशाकडून एवढं मागणं मला मुळीच जास्त वाटत नाही.